दुसरा घाव

हेमाताई टिपणीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात मोगरी होती. त्यांच्या आईच्या वेळची, कपडे धोपटायची, झिजून गुळगुळीत झालेली. सुती साडीचा पदर कमरेला खोचलेला, पायात रबरी बूट, चष्मा दोरीनं गळ्यात लटकवलेला. समोरच्या सिमेंटच्या ओट्यावर दोनेक किलोचा रोहू ओल्या फडक्यात धरला होता. त्यांनी फडकं जरा मागं सारलं, माशाच्या डोळ्यांच्या वरची जागा अंगठ्यानं चाचपली आणि एकच घाव घातला. दार आपटल्यासारखा आवाज झाला. शेपटीतून एक थरथर गेली आणि संपली. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कॉम्प्युटरवाला तूच का? तिथून काय दिसतंय? जवळ ये."

मी बडोद्यात संगणकशास्त्र शिकवतो. वडील रेल्वेत होते, घर देशस्थाचं. आमच्या स्वयंपाकघरात अंड्याचं नाव घेतलं तरी आई भांडी आपटायची. मुळात मी घुमा. मराठी विभागातल्या एका प्राध्यापकबाईंना प्रकल्पासाठी माझ्या विषयातलं माणूस हवंय असं कळलं, तेव्हा जुन्या पोथ्यांची अक्षरं ओळखायचं काम असेल अशा समजुतीनं मी सावली गावाजवळच्या या मत्स्यतलावांपर्यंत स्कूटर हाकत आलो होतो. जवळ गेलो. त्यांनी टाकीतून एक जिवंत मासा काढून सरळ माझ्या हातात दिला.

"आता याला कुशीवर कलता कर. हळू. डोळा बघ त्याचा."

मी मासा कलता केला. अंग कललं, पण डोळा खोबणीत फिरला आणि सपाटीलाच राहिला, पाण्याची पातळी शोधत असल्यासारखा. दुसऱ्या बाजूला कलता केला, डोळा परत फिरला. मग ताईंनी मासा काढून घेतला, ओट्यावर ठेवला, घाव घातला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. या वेळी अंगाबरोबर डोळाही कलला, खेळण्यातल्या बाहुलीचा असावा तसा.

"मधल्या मधे काहीतरी विझलं ना? ते कधी विझलं हे तुझ्या यंत्रानं मला सांगायचं. येवढंच काम."

मी टाकीमागे जाऊन ओकलो. परत आलो तर त्या म्हणाल्या, "झालं? चूळ भर. दुसरा तयार आहे."

त्यांची सगळी हयात मराठीतल्या मारामाऱ्या वाचण्यात गेली होती. बखरी, पोवाडे, गावाकडच्या कथा, शहरातल्या कादंबऱ्या; जिथं म्हणून कुणी कुणाला मारतं ती पानं त्यांना तोंडपाठ होती. त्यांचं म्हणणं असं की मरणाचा क्षण आला की आपला लेखक पाठ फिरवतो. तलवार उचलेपर्यंत वाक्य सरळ चालतं, मग एकदम आभाळाचा रंग येतो, पाखरं उडतात, आणि परत बघावं तर माणूस मेलेला. "आणि फारच अडलं तर लिहितो, डोळे मिटले. सुहास, माशाला पापणी नसते. त्याला डोळे मिटता येत नाहीत. म्हणून आपल्याला माशाचं मरण लिहिता येत नाही. कधी मेला तेच लिहिणाऱ्याला कळत नाही." या एका प्रश्नापायी मराठीची ही बाई पन्नाशी उलटल्यावर मत्स्यशास्त्राची पुस्तकं वाचायला बसली, आणि तिथं तिला कळलं की तो प्रश्न तिकडच्या लोकांनाही पडलेला आहे.

विद्यापीठाच्या समितीपुढे आम्ही प्रकल्प मांडायला गेलो, तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "बेन, साहित्यात माछली कुठून आली?" ताई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या ग्रंथालयात प्रेतांचा खच पडलाय. एकाचाही पंचनामा झालेला नाही. सुरुवात लहान जीवापासून करते." मंजुरी मिळाली. हसण्यावारी मिळाली, पण मिळाली.

राहायला त्या बडोद्याच्या हरणी भागात, अशा सोसायटीत की जिथं फ्लॅट विकत देतानाच मांसमच्छी शिजवायची नाही असं बजावून घेतात. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. घरी भेंडी आणि आमटी. "मी मासे मारते, शेजाऱ्यांना नाही," असं त्या म्हणत. बाहेर मात्र त्यांचा राग आवरायचा नाही. एकदा मासळी बाजारात आम्ही उभे होतो. एक विक्रेता जिवंत कटल्याचे खवले काढत होता. मासा तोंड उघडमीट करत होता आणि सुरी शेपटीकडून डोक्याकडे करकर चालली होती. ताईंनी त्याच्या हातातून सुरी हिसकावली, उलटी धरली आणि मुठीनं माशाच्या डोक्यात घाव घातला. रक्त त्याच्या सदऱ्यावर उडालं. तो उसळला, "ए डोसी, हाथ नहीं लगाडवानो!" ताईंनी सुरी परत त्याच्यापुढे धरली. "डोसी म्हण, म्हातारी म्हण, काय म्हणायचं ते म्हण. पण आधी मार, मग सोल." मासा त्यांनीच विकत घेतला आणि घरी नेता येत नाही म्हणून रिक्षावाल्याला देऊन टाकला.

घावाबद्दल त्यांची काही ठाम वाक्यं होती. शिकायला येणाऱ्या पोरांना त्या सांगायच्या, "पहिला घाव माशासाठी असतो. हात कचरला की तो चुकतो. मग दुसरा घालावा लागतो, तो आपल्या भित्रेपणासाठी. पण घालायचाच. अर्धमेला टाकून पाठ फिरवली तर तो खरा कसाईपणा." जशुभाई, ज्यांच्या तलावांच्या कडेला आम्हाला दोन टाक्या आणि एक पत्र्याची शेड मिळाली होती, ते हे ऐकून हात जोडत. "बेन, तुम्ही कॉलेजात हेच शिकवता? मग मुलं पास कशी होतात?"

आमच्या कामाचा एक भाग मात्र मोगरीचा नव्हता. बाजारात, ट्रकमध्ये, खोक्यांत मासे हवेतच मरतात, गुदमरून, हळूहळू. मोगरीनं किती तडफड वाचते हे दाखवायचं तर हवेतलं मरणही मोजायला हवं होतं. म्हणून काही मासे ट्रेमध्ये नुसते ठेवायचे आणि चित्रण करायचं. कुणी हलायचं नाही, हात लावायचा नाही. माशाला माणूस दिसू नये म्हणून मी कॅमेऱ्यासह एका हिरव्या जाळीच्या पडद्यामागे उभा राहायचो. भिंगापुरतं एक भोक ठेवलेलं. ताईंनी नियम घालून दिला होता. "कॅमेरा चालू झाला की कॅमेरेवाला मेला. मेलेला माणूस बोलत नाही, खोकत नाही, दया करत नाही." डोळा विझला की त्या पडद्याकडे न बघताच विचारायच्या, "किती?" मी घड्याळ बघून मिनिटं सांगायचो. एवढंच आमचं बोलणं.

एकदा मी नियम मोडला. ट्रेमधला एक लहान कटला ठेवल्या क्षणापासून जिवाच्या आकांतानं तडफडू लागला. उडायचा, पडायचा, कल्ले ताठ उघडायचा आणि डोळा माझ्या भोकाकडे. मी पडद्याबाहेर आलो, त्याला उचललं आणि टाकीत सोडून दिलं. मी टेबलावर हात टेकून उभा होतो. मोगरी माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर आदळली. फळी उभी चिरली.

"सकाळपासून इथं जे मेले, ते सगळे आता फुकट मेले. मालिका तुटली. उद्या परत पहिल्यापासून, परत तितकेच. हे तुझ्या दयेचं काम." आवाज चढलेला नव्हता, त्यानं जास्त भीती वाटली. संध्याकाळी निघताना त्यांनी माझा हात उलटापालटा करून बघितला. "लागलं नाही ना? मग उद्या ये."

त्यानंतर मी पडद्यामागून कधीही बाहेर आलो नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं मनाशी सबब म्हणूनच सांगत आलो, म्हणून ते इथं लिहून मोकळा होतो.

जशुभाईंच्या जमिनीला लागून गावचा मोठा तलाव आहे. तो एका ठेकेदारानं घेतला होता आणि त्यात अंदाधुंद मासे सोडले होते. त्या पावसाळ्यात आठवडाभर ऊन पडलं नाही. ढग राहिले की पाण्यातलं शेवाळ प्राणवायू करत नाही आणि गर्दीचा तलाव आतल्या आत गुदमरतो. ताईंनी ठेकेदाराला आदल्या दिवशी बांधावरून ओरडून सांगितलं होतं, "भाई, पाणी खेळवायचा पंखा लाव, नाहीतर सगळं जाईल." तो हसला होता. "बेन, तमे चोपडी वाचो." तुम्ही आपलं पुस्तक वाचा.

सकाळी तलाव पांढरा झाला होता. काठापासून काठापर्यंत उलटी पोटं. आम्ही मात्र आमच्या कामाला लागलो. त्या दिवशी लवंगेच्या तेलाची पाळी होती. माशाला गुंगी आणायला ते पाण्यात चार थेंब घालतात. खंडेराव मार्केटजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानातून मीच बाटली आणली होती. मासा गुंगीत होता, कॅमेरा चालू होता, मी पडद्यामागे होतो. जशुभाई डिझेल आणायला गेले होते. बादल्या धुतलेलं पाणी नालीतून वाहत होतं आणि सगळीकडे लवंगेचा वास सुटला होता.

ठेकेदाराची माणसं कुंपण ढकलून आत आली. दहाबारा तरी असतील. एकानं नालीत बोट बुडवून हुंगलं. "आ ज दवा. आ बेने नाखी." हेच औषध, या बाईनं टाकलं.

ताईंनी शांतपणे सांगितलं असतं तर कदाचित निभावलं असतं. पण हेमाताई आणि शांतपणा यांची गाठ कधी पडली नव्हती. "अरे मूर्खांनो, लवंग आहे ती, तुमच्या आया मसाल्यात घालतात. तुमच्या मालकाला काल कोकलून सांगितलं मी. मारलेत तुम्ही, आणि माझ्यावर..."

पहिला फटका जाळ्याच्या बांबूचा होता, कानावर. त्या ओट्यावर आडव्या झाल्या, चष्मा उडाला. त्यांनी उठायला हात टेकला तर दुसऱ्यानं त्या हातावर पाय दिला. मग बांबू एकामागून एक. पाठीवर, मांड्यांवर. त्या खाली घसरल्या, ओल्या फरशीवर, नालीपाशी. एकाला ओट्यावरची मोगरी दिसली. त्यानं ती उचलली. उजवा हात फरशीवर पसरलेला होता. मोगरी दोनदा खाली आली. हाड मोडल्याचा आवाज मी अनेकदा ऐकला होता. माणसाचा वेगळा नसतो.

मोगरी ज्याच्या हातात होती तो रोज दुपारी आमच्या शेडमध्ये चहाला बसायचा. मला "सर" म्हणायचा. मी पडदा बाजूला करून नुसतं त्याचं नाव घेतलं असतं तरी त्याचा हात थांबला असता, असं मला तेव्हाही वाटलं होतं. मी नाव घेतलं नाही. माझा एक हात कॅमेऱ्याच्या तिकाटण्यावर होता, दुसरा माझ्याच तोंडावर. ताई कुशीवर वळल्या. एक डोळा सुजून बंद झाला होता. दुसरा त्या भोकाकडे लागलेला होता.

कुणीतरी म्हणालं, "बस, बस, मरी जशे," मरेल ती आता, आणि गर्दी ओसरली.

यानंतर मी जे केलं ते त्या मारापेक्षाही वाईट आहे. मी मागचं कुंपण चढून शेतात उतरलो, बांधाबांधानं वळसा घालून रस्त्यावर आलो आणि पुढच्या फाटकातून धावत आत शिरलो. "ताई! ताई, काय झालं?"

त्यांनी माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग हळूच मान वळवून हिरव्या जाळीकडे. भोकात कॅमेऱ्याचा तांबडा दिवा लागलेलाच होता.

इस्पितळात त्या शुद्धीवर आल्या तेव्हा मी पलंगाशी होतो. त्यांचे ओठ हलले. मी वाकलो.

"किती?"

मी म्हणालो, "काय किती, ताई?"

त्यांनी पापण्या मिटून घेतल्या.

पोलिसांना मी सांगितलं की मी पोहोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. ताईंनी सांगितलं की चेहरे आठवत नाहीत. त्यांना सगळे चेहरे आठवत होते. बखरीतली पानंच्या पानं आठवणारी बाई ती. पण चेहरे सांगायचे तर ते दाखवणारी फीत कुठं आहे हेही सांगावं लागलं असतं. ते माझ्यावर सोडून त्या थांबल्या. प्रकरण विझून गेलं. ठेकेदारानं पुढच्या वर्षी पंखा लावला.

उजव्या हाताची बोटं पुन्हा मिटली नाहीत. सहा-सात महिन्यांनी त्या परत फार्मवर आल्या आणि डाव्या हातानं मारून बघू लागल्या. पहिला घाव कल्ल्यावर बसला, दुसरा तोंडावर, मासा ओट्यावरून खाली पडून रक्तानं माखत तडफडला. त्यांनी मोगरी माझ्याकडे फेकली. "मार लवकर. बघतोस काय?" मी मारला. एकाच घावात गेला. त्यांनी तो कलता करून डोळा पाहिला. "हात बसलाय तुझा," म्हणाल्या. कौतुक होतं की आणखी काही, मला कळलं नाही. त्या दिवसापासून मोगरी माझ्याकडे आली. जशुभाईंच्या गड्यांना मीच शिकवलं, आणि आता त्यांच्याकडचा मासा खोक्यात तडफडत नाही. आमच्या सगळ्या संशोधनातून जगात येवढा एक फरक पडला.

शेवटचं भेटलो ते हरणीच्या घरी. मूत्रपिंडाच्या दुखण्यानं त्या वाळून गेल्या होत्या. आमच्या लेखाचा मसुदा मला वाचायला लावला आणि मधेच थांबवलं. "सुहास, मारणाऱ्याचं मला आता काही वाटत नाही. तो निदान जवळ असतो. मला लिहिणाऱ्याचं कोडं आहे. तो कुठं उभा होता, ते त्याच्या वाक्यावरून कळतंच. मग लपवतो कशाला?" बाहेर सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळत होती. मी म्हणालो, "चहा टाकू का, ताई?" त्या म्हणाल्या, "टाक."

पंधरवड्यात त्या गेल्या.

शोकसभेत मला बोलायला सांगितलं. मी खरं सांगायचं ठरवून गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मला पोहोचायला उशीर झाला, याची खंत जन्मभर राहील." लोकांना भरून आलं. खाली उतरल्यावर कुणी कुणी माझा हात दाबला. त्यांची धाकटी बहीण सुलभाताई पुण्याहून आली होती, ती म्हणाली, "तुम्ही तिचं फार केलंत." मी हात जोडले. घाव चुकला होता आणि मी पाठ फिरवून चालू लागलो होतो.

फीत माझ्याकडे होती. पुसायचं धाडस झालं नाही, बघायचंही नाही. मग एके दिवशी मी ती स्वतः न बघता आमच्या यंत्राला दिली. आजवर हजारो चित्रणं त्यानं न चुकता मोजली होती. त्यानं उत्तर दिलं, 'मासा आढळला नाही.' तेव्हा मी बसलो आणि माझ्या डोळ्यांनी पाहिली. पहिल्या बांबूपासून शेवटच्या फटक्यापर्यंत, चार मिनिटं आणि वर थोडं. ताई, चार मिनिटं. ट्रेमधल्या त्या कटल्यासाठी मी इतकासुद्धा थांबलो नव्हतो.

गेल्या महिन्यात सुलभाताई हरणीचं घर आवरायला आल्या, तेव्हा मी लॅपटॉप घेऊन गेलो. काय आहे ते सांगितलं. फीत पोलिसांकडे नेणार आहे, तीही मीच नेणार आहे, पण आधी तुम्ही बघायची की नाही ते तुम्ही ठरवा, म्हणालो. त्यांनी पुस्तकांच्या खोक्यावर बसून ती लावली. मी दारापाशी उभा राहिलो. बांबूंचे आवाज झाले, मोगरीचे झाले. त्यांनी तोंडात पदर कोंबला, पण नजर काढली नाही; बहिणीचीच बहीण. मार संपल्यावर खोलीत फक्त फितीतला एक आवाज उरला. बारीक, नियमित, अगदी भिंगाजवळचा.

"हा श्वास कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. मला वाटलं, जा म्हणतील. त्यांनी फीत मागं नेली, पहिल्यापासून लावली आणि खोक्यावर बाजूला सरकल्या.

"तिथून काय दिसतंय तुम्हाला? जवळ या."